पाटी, यंत्र आणि शिक्षक

दसऱ्याच्या दिवशी पाटीपूजन करण्याचा प्रघात मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. दगडी पाटी कोळशाने घासून स्वच्छ धुवावयाची, तिच्यावर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढावयाची, झेंडूचे फूल आणि आपट्याचे पान वाहावयाचे, आणि मग निदान त्या दिवसापुरती अभ्यासाला सुट्टी! मराठी कुटुंबे इंदूरला गेली, बडोद्याला गेली, तंजावरला गेली. त्यांच्याबरोबर अक्षरांची ही ओढही गेली. या पूजेतील एक गोष्ट मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. पाटी ही शाळेची नव्हे, तर मुलाची असे. फळा सर्वांचा, नकाशा सर्वांचा, घंटा सर्वांची. पाटी मात्र ज्याची त्याची. लिहिण्याचे साधन प्रत्येक मुलाच्या स्वतःच्या हाती असावे, हा शिक्षणशास्त्रातील एक मोठा विचार त्या लाकडी चौकटीत बसविलेला होता.

एकविसाव्या शतकात तोच विचार नव्या वेषात पुढे आला आहे. शाळेने प्रत्येक विद्यार्थ्यास स्वतःचा संगणक द्यावा काय, हा तो प्रश्न. तो द्यावा असे म्हणणारे सांगतात, की ज्ञानाचे भांडार यंत्रात साठले आहे, आणि ते यंत्र श्रीमंताच्या मुलाच्या हाती असावे व गरिबाच्या मुलाच्या हाती नसावे हा उघड अन्याय होय. नको म्हणणारे विचारतात, की जेथे छप्पर गळते आणि चार वर्गांना मिळून एकच शिक्षक आहे, तेथे हा खर्च कोणत्या न्यायाने करावयाचा? दोन्ही पक्षांच्या मागे मुलांच्या हिताचीच तळमळ आहे, म्हणूनच हा वाद सोपा नाही. मात्र या प्रश्नाला आता बराच इतिहास जमा झाला आहे. अनेक देशांनी हा प्रयोग केला, कोट्यवधी रुपये वेचले आणि त्यांचे बरेवाईट फळ पाहिले. तो इतिहास नीट तपासला तर वादाचे स्वरूपच पालटते.

त्याचा आरंभ संगणकापासून नव्हे, तर धुळीपासून करावा लागतो. जुन्या पंतोजींच्या शाळेत मूल पहिले अक्षर गिरवी ते धूळपाटीवर. फळीवर बारीक धूळ पसरावयाची, काडीने अक्षर काढावयाचे, हात फिरवून ते मोडावयाचे आणि पुन्हा काढावयाचे. ‘धुळाक्षरे’ हा मराठीतील शब्द याच पद्धतीची खूण आहे. दक्षिणेत धुळीऐवजी वाळू असे. मद्रासमधील एग्मोर येथे लष्करातील युरोपीय सैनिकांच्या अनाथ मुलांसाठी एक शाळा होती. १७८९ मध्ये अँड्र्यू बेल या स्कॉटिश धर्मोपदेशकाकडे तिची देखरेख आली. एके दिवशी घोड्यावरून जात असता एका देशी शाळेतील मुले वाळूत बोटाने अक्षरे काढताना त्यांना दिसली. ही रीत आपल्या शाळेत सुरू करावी असे बेल यांच्या मनात आले. त्यांच्या हाताखालच्या शिक्षकांनी मात्र तिला दाद दिली नाही. तेव्हा बेल यांनी खालच्या वर्गाचे काम आठ वर्षांच्या एका हुशार मुलाकडे सोपविले, आणि शिक्षकांना जे जमले नव्हते ते त्या मुलाने करून दाखविले.

बेल यांनी १७९७ मध्ये लंडन येथे या प्रयोगाचा वृत्तान्त छापला. त्याच सुमारास जोसेफ लँकेस्टर यांनी लंडनमध्ये अशाच पद्धतीची शाळा काढली. तेथे गरिबांची शेकडो मुले पाट्या घेऊन ओळीने बसत, आणि पुढे गेलेली मुले मागच्यांना शिकवीत. पाहणाऱ्यांचे डोळे त्या पाट्यांनी आणि वाळूच्या फळ्यांनी दिपत. पण बेल यांचे स्वतःचे म्हणणे वेगळे होते. त्यांच्या मते या पद्धतीचे मर्म वाळूत नव्हते, मुलाने मुलास शिकविण्याच्या व्यवस्थेत होते. वाळूची फळी त्या शाळेत एका पद्धतीचा भाग म्हणून आली आणि म्हणूनच उपयोगी पडली. साधनाच्या पाठीशी शिकविण्याची रीत उभी नसेल तर काय होते, याची प्रचीती पुढे दोनशे वर्षांनी आली.

एकोणिसाव्या शतकात वाळूची जागा दगडी पाटीने घेतली, आणि ती मुलांच्या हातून सुमारे शंभर वर्षे हलली नाही. याची कारणे पाहण्यासारखी आहेत. पाटी स्वस्त होती. ती फुटली तर दुसरी आणणे गरिबालाही अगदीच अशक्य नव्हते. ती मूल स्वतः दुरुस्त ठेवी. मळली की कोळशाने व पाल्याने घासून पुन्हा काळीभोर करी. तिला कोणतीही भाषा चाले. बाळबोध लिहा, मोडी लिहा, पावकी-निमकी मांडा किंवा कंटाळा आला तर बैलाचे चित्र काढा. पाटीची काही तक्रार नसे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ती कोरी होती. तिच्यावर जे उमटे ते मुलाच्या हातचे असे, आणि ते बरोबर की चूक हे सांगावयास समोर गुरुजी असत.

त्याच शतकात दुसरा एक विचार हळूहळू आकार घेत होता. मुलाच्या शिक्षणाचा भार केवळ आईबापांनी वाहावयाचा नसून तो राज्याचा भार आहे, असा तो विचार. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे करावे अशी मागणी केली. त्या निवेदनाचा मोठा भाग शिक्षकाविषयी आहे, हे विशेष. शिक्षक प्रशिक्षित असावा, शेतकरी वर्गातून आलेला असावा, आणि त्याला दरमहा बारा रुपयांहून कमी पगार नसावा, असा त्यांचा आग्रह होता. पुढे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या संस्थानास लागू केला. राज्याने मुलास काय देणे लागते, या प्रश्नाला फुल्यांनी प्रथम ‘चांगला शिक्षक’ असे उत्तर दिले होते, ही गोष्ट पुढील हकीकत ऐकताना मनात ठेवण्याजोगी आहे.

विसाव्या शतकाने यंत्राची आशा आणली. १९१३ मध्ये थॉमस एडिसन यांनी भाकीत केले, की शाळेतून पुस्तके लवकरच हद्दपार होतील आणि चलच्चित्रे सर्व ज्ञान देतील. पुस्तके हद्दपार झाली नाहीत. नंतर नभोवाणी आली, दूरचित्रवाणी आली, आणि प्रत्येक वेळी शाळेचा कायापालट होणार अशी ग्वाही दिली गेली. भारतानेही असा एक मोठा प्रयोग केला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात अमेरिकेच्या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम दाखविले गेले. सकाळी शाळेच्या मुलांसाठी आणि संध्याकाळी मोठ्यांसाठी, अशी ही योजना होती. तिथे प्रत्येक मुलास संच नव्हता; साऱ्या गावात मिळून एक होता. पण त्या संचाची देखभाल करणारी यंत्रणा उभी केली होती, कार्यक्रम त्या त्या प्रदेशाच्या भाषेत होते, आणि याच माध्यमातून हजारो प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकविण्याचे प्रशिक्षणही दिले गेले. यंत्राने शिक्षकाची जागा घ्यावी असे तेथे योजिलेले नव्हते. शिक्षकाला शिकवावे, असे योजिले होते.

प्रत्येक मुलाला स्वतःचे यंत्र, ही कल्पना मात्र निराळ्या मुशीतून निघाली. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले गणितज्ञ सीमोर पॅपर्ट यांनी जिनिव्हा येथे ज्यां पियाजे यांच्याजवळ बालमनाचा अभ्यास केला आणि नंतर ते अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत आले. १९६७ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह ‘लोगो’ नावाची संगणकभाषा तयार केली. या भाषेत मूल एका यांत्रिक कासवाला आज्ञा देई. ‘पुढे जा’, ‘उजवीकडे वळ’ अशा आज्ञा देता देता त्याच्या हातून चौकोन निघे, वर्तुळ निघे, आणि भूमिती शिकली जाई. यंत्राने मुलाला चालवावयाचे नाही, मुलाने यंत्राला चालवावयाचे, हे पॅपर्ट यांचे सूत्र होते. १९७२ मध्ये अ‍ॅलन के यांनी वहीएवढ्या आकाराच्या, मुलाने काखोटीला मारून न्यावयाच्या संगणकाचा आराखडा मांडला. त्या वेळी संगणक म्हणजे खोली व्यापणारे यंत्र होते. म्हणून ती कल्पना पुष्कळांना स्वप्नवत वाटली असल्यास नवल नाही.

हे स्वप्न पुढे अठरा-वीस वर्षांत प्रत्यक्षात उतरू लागले. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथील मुलींच्या एका शाळेने १९९० मध्ये विद्यार्थिनींच्या हाती स्वतःचे लॅपटॉप दिले. त्यांचा खर्च पालकांनी सोसला. सरकारी खर्चाने हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला तो अमेरिकेच्या ईशान्य टोकाच्या मेन राज्याने. २००२ मध्ये तेथील सातवीच्या सर्व मुलांना लॅपटॉप मिळाले आणि पुढच्या वर्षी आठवीच्या मुलांना. त्यासाठी सुमारे ३६,००० यंत्रांचा करार झाला होता. पाच वर्षांनी तेथील एका विद्यापीठाने पाहणी केली. राज्याच्या परीक्षेत लेखनात अपेक्षित पातळी गाठणाऱ्या आठवीच्या मुलांचे प्रमाण २००० मध्ये सुमारे २९ टक्के होते, ते २००५ मध्ये सुमारे ४१ टक्के झाले होते. मुले लिहीत, खोडीत, पुन्हा लिहीत. पाटीवर पुसून पुन्हा लिहिण्याची जी सोय होती, तीच येथे परत आली होती. इतर विषयांत मात्र असे स्पष्ट यश हाती लागले नाही.

मेन हे राज्य गरीब देशांच्या तुलनेने संपन्न होते. गरीब देशांपुढे हा प्रश्न उभा राहिला तो २००५ मध्ये. पॅपर्ट यांच्याच संस्थेतील निकोलस निग्रोपाँटी यांनी त्या वर्षी ‘प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप’ या नावाची चळवळ सुरू केली. कंबोडियातील एका खेड्यात त्यांनी मुलांना दिलेल्या लॅपटॉपचा पडदा हाच त्या घरांतील सर्वांत उजळ दिवा ठरला, असे ते सांगत. नोव्हेंबर २००५ मध्ये ट्युनिस येथील जागतिक परिषदेत संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कोफी अन्नान यांच्या उपस्थितीत त्यांनी हिरव्या रंगाचे एक चिमुकले यंत्र दाखविले. त्याला वीज नसेल तेथे हाताने फिरवावयाची दांडी होती, आणि किंमत शंभर डॉलर राहील असे सांगण्यात आले. प्रत्यक्षात जे यंत्र तयार झाले त्यातून ती दांडी गळाली, आणि २००७ मध्ये किंमत १८८ डॉलरच्या घरात गेली. तरीही कल्पनेची मोहिनी ओसरली नाही. सरकारांनी लाखोंच्या संख्येने यंत्रे घ्यावीत आणि ती मुलांच्या हाती द्यावीत. मुले आपोआप शिकतील, असा या चळवळीचा विश्वास होता.

भारत सरकारने २००६ मध्ये या योजनेस नकार दिला. शिक्षणदृष्ट्या तिची उपयुक्तता संशयास्पद आहे, आणि देशाला अशा यंत्रांपेक्षा वर्गखोल्यांची व शिक्षकांची निकड अधिक आहे, अशी मनुष्यबळ विकास मंत्रालयाची भूमिका होती. पुष्कळांना ती प्रतिगामी वाटली. तथापि पुढच्याच वर्षी, २००७ मध्ये, याच यंत्रांचा एक छोटा प्रयोग महाराष्ट्रातच झाला. रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील डोंगरातली एक वाडी; पहिली ते चौथीची २२ मुले; शिक्षक एकच. तेथे प्रत्येक मुलास एकेक यंत्र मिळाले. मुलांनी त्यांवर छायाचित्रे टिपली, चित्रे काढली, गाणी ध्वनिमुद्रित केली, आणि घरच्या माणसांनाही ते नवल दाखविले. शाळेत येण्याचा त्यांचा उत्साह वाढला. तेथे मुले थोडी होती आणि शिक्षक त्यांच्याबरोबर शिकत होता. पण एका वाडीत जे साधते ते देशभर साधेल काय, याचे उत्तर वाडीतून मिळण्यासारखे नव्हते. ते दक्षिण अमेरिकेतील दोन देशांनी दिले.

त्यांपैकी पहिला देश पेरू. अँडीज पर्वताच्या उंच दऱ्याखोऱ्यांत वसलेल्या तेथील शाळांची स्थिती पुष्कळ अंशी आपल्या दुर्गम पाड्यांवरील शाळांसारखीच होती. मुलांच्या घरची भाषा केचुआ, पाठ्यपुस्तकांची भाषा स्पॅनिश. एका शिक्षकाकडे अनेक वर्ग. जाण्यायेण्याचा रस्ता बिकट. अशा शाळांना प्राधान्य देऊन पेरूच्या सरकारने २००८ पासून लॅपटॉप वाटले. पुढे त्यांची संख्या आठ लाखांहून अधिक झाली. प्रत्येक यंत्रात सुमारे दोनशे पुस्तके घातलेली होती. ज्या घरात एकही पुस्तक नाही तेथे एकदम दोनशे पुस्तके! कल्पना खरोखरीच उदात्त होती.

आंतर-अमेरिकन विकास बँकेच्या अभ्यासकांनी पेरूच्या ३१९ ग्रामीण शाळांची पाहणी करून तिचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध केले. यंत्रे मिळालेल्या शाळांत दर विद्यार्थ्यामागे संगणकांचे प्रमाण ०.१२ वरून १.१८ वर गेले होते. म्हणजे पूर्वी आठ मुलांत एक संगणक होता, आता मुलांपेक्षा संगणकच अधिक झाले होते. परंतु गणितात व भाषेत या मुलांची प्रगती, यंत्रे न मिळालेल्या शाळांतील मुलांहून वेगळी नव्हती. उपस्थिती वाढली नाही, घरच्या अभ्यासाचा वेळही वाढला नाही. तर्कशक्तीच्या काही चाचण्यांत मात्र थोडी सुधारणा आढळली, आणि न्यायाने विचार करणाऱ्याने तीही नमूद केली पाहिजे. इंटरनेट बहुतेक शाळांत नव्हते. शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी जेमतेम ४० तास ठेवले होते. यंत्र हरवेल किंवा मोडेल या भीतीने अनेक ठिकाणी मुलांना ते घरी नेऊ दिले जात नव्हते. ज्या यंत्राचे सारे महत्त्व ते मुलाचे स्वतःचे असण्यात होते, ते शाळेच्या कपाटाचे झाले. पुढे सरकारनेही धोरण बदलले, आणि शाळेत सर्वांनी मिळून वापरावयाची संगणक-केंद्रे उभारण्यास आरंभ केला.

दुसरा देश उरुग्वे. लोकसंख्या अवघी चौतीस-पस्तीस लाख. म्हणजे पुणे शहराहून अधिक नव्हे. पण या छोट्या देशास शाळेची परंपरा मोठी. होसे पेद्रो व्हारेला यांच्या प्रयत्नाने १८७७ मध्ये तेथे सर्वांसाठी मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला. सरकारी शाळेतील सारी मुले पांढरा झगा आणि निळी फीत घालतात. त्या पांढऱ्या झग्यात गरीब कोण आणि श्रीमंत कोण हे ओळखू येऊ नये, असा त्याचा अर्थ. २००७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ताबारे वास्केस यांनी सुरू केलेली लॅपटॉपची योजना या परंपरेतलीच होती. तिचे नाव ‘सेइबाल’. हे एका लांबलचक सरकारी नावाचे संक्षिप्त रूप आहेच. पण ‘सेइबो’ या वृक्षाच्या राईलाही तेथे सेइबाल म्हणतात. सेइबोचे लाल फूल हे उरुग्वेचे राष्ट्रीय पुष्प, आणि तो वृक्ष आपल्याकडील पांगाऱ्याचा सगोत्र होय. व्हिया कार्दाल या लहानशा गावी पहिली यंत्रे वाटली गेली, आणि २००९ पर्यंत सरकारी प्राथमिक शाळेतील प्रत्येक मुलाच्या हाती यंत्र आले होते. संपूर्ण देशाने हे करून दाखविण्याचा तो पहिलाच प्रसंग.

उरुग्वेच्या नेत्यांनी आरंभापासून एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली. ही योजना समतेसाठी आहे. पांढऱ्या झग्याने जे साधले तेच या यंत्राने साधावयाचे आहे. त्यासाठी शाळाशाळांना इंटरनेटने जोडण्याचे काम हाती घेतले गेले, दुरुस्तीची फिरती पथके उभी राहिली, आणि योजना चालविण्यासाठी कायम स्वरूपाची संस्था स्थापन झाली. आणि तरीही, २०१४ मध्ये तेथील अभ्यासकांनी या मुलांच्या वाचन व गणिताच्या परीक्षा तपासल्या, तेव्हा यंत्रामुळे गुण वाढल्याचे दिसून आले नाही. समतेचे उद्दिष्ट बरेचसे साधले होते. विद्येचे साधावयाचे होते.

येथे पेरू आणि उरुग्वे यांचे मार्ग वेगळे झाले. उरुग्वेने यंत्रांच्या मागे शिक्षकाची योजना केली. २०१२ पासून प्राथमिक शाळेत इंग्रजी शिकविण्याचा एक उपक्रम सुरू झाला. देशात इंग्रजीचे पुरेसे शिक्षक नव्हते. म्हणून भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर दूरच्या शहरातील, कधी परदेशातीलही, शिक्षक प्रत्यक्ष बोलू लागला. वर्गातील नेहमीच्या बाई मुलांजवळ उभ्या राहत, शिकलेला पाठ पुढच्या तासांना पक्का करून घेत, आणि स्वतःही इंग्रजी शिकत. एका यंत्राने दोन शिक्षक एका वर्गात आणले होते. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीने शाळा बंद पडल्या, तेव्हा मुलांच्या घरी यंत्र होते, त्यावर चालणारे पाठ होते, आणि ते वापरण्याची शिक्षकांना सवय झालेली होती. त्या एप्रिल महिन्यातच तेथील ग्रामीण शाळा पुन्हा उघडूही लागल्या. घरचा संगणक जवळ असलेल्या त्या देशाने शाळेची घाई केली, यातच त्याचा शहाणपणा दिसतो.

भारताचा इतिहास या दोहोंहून निराळा आहे. १९८४ मध्ये शाळांना संगणकाची ओळख करून देणारी एक राष्ट्रीय योजना सुमारे २५० शाळांत सुरू झाली. दर शाळेस दोन-तीन यंत्रे मिळत. ती ओळख पुष्कळ ठिकाणी नमस्कारापलीकडे गेली नाही. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत ‘आकाश’ या स्वस्त टॅबलेटचे प्रकाशन झाले. ते प्रथम महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी होते. जगातील सर्वांत स्वस्त म्हणून त्याचा गाजावाजा झाला. पण पडद्याची व विजेरीची गुणवत्ता आणि पुरवठ्यातील विलंब यांवरून तक्रारी झाल्या, आणि ‘आकाश’ हाती येता येता मागे पडले. त्याच वर्षी तमिळनाडूने उच्च माध्यमिक वर्गांतील विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप देण्यास आरंभ केला. तेथील उद्देश शाळेपुरता नव्हता. गरीब घरातील मुलगा किंवा मुलगी महाविद्यालयात जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये, हा होता. मूल किती मोठे झाले म्हणजे यंत्र द्यावयाचे, या प्रश्नाचे ते एक उत्तर होते.

केरळने तिसरी वाट धरली. २००१ पासून त्या राज्याने प्रथम शिक्षकांना संगणक शिकविला, फुकट व मुक्त अशी प्रणाली निवडली, ती मलयाळम भाषेत आणली, आणि २०१८ च्या सुमारास ४५,००० वर्गखोल्या पडदा, संगणक व इंटरनेट यांनी सज्ज करण्याची योजना अमलात आणली. यंत्र प्रत्येक मुलाचे नव्हते, प्रत्येक वर्गाचे होते. १ जून २०२० रोजी, शाळा बंद असतानाही, तेथे नवे शैक्षणिक वर्ष दूरचित्रवाणीवरून सुरू झाले. महाराष्ट्रातही त्या वर्षी सह्याद्री वाहिनीवर मुलांसाठी ‘टिलीमिली’ सारखी मालिका लागली. जुन्या माध्यमांचे दिवस संपले असे ज्यांना वाटत होते, त्यांना त्या उन्हाळ्याने उत्तर दिले.

पण त्याच साथीने ‘प्रत्येकास यंत्र’ या मागणीस सर्वांत मोठे बळही दिले, हे नाकारता येणार नाही. ग्रामीण भारतातील ‘असर’ पाहणीनुसार, २०१८ मध्ये शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ३६.५ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०२० मध्ये हे प्रमाण ६१.८ टक्के झाले. आईबापांनी पोटाला चिमटा घेऊन फोन घेतले होते. आणि २०२१ च्या पाहणीत असे दिसले, की घरात फोन असलेल्या मुलांपैकीही चौथा हिस्सा मुलांना तो हाताळावयास मिळत नव्हता. फोन वडिलांबरोबर कामावर जाई. घरी असला तर थोरल्या भावंडाचा वर्ग आधी. भिंतीशी बसून धाकट्याने वाट पाहावयाची. सामाईक साधन आणि स्वतःचे साधन यांतील अंतर त्या मुलांनी अनुभवले. पाटी ज्याची त्याची का असे, याचा अर्थ त्या दीड-दोन वर्षांत नव्याने कळला.

साथीनंतर मात्र जगाची पावले एकाच दिशेने पडली नाहीत. जपानने २०१९ च्या अखेरीस जाहीर केलेली दर मुलामागे एक यंत्र देण्याची योजना घाईने पुरी केली. उलट, शाळांत यंत्रे आणण्यात अग्रभागी असलेल्या स्वीडनने २०२३ मध्ये छापील पाठ्यपुस्तकांसाठी ६८.५ कोटी क्रोनर बाजूस ठेवले आणि लहान मुलांच्या हाती पुन्हा पुस्तक व पेन्सिल द्यावयाचे ठरविले. २०२३ च्या जुलै महिन्यात युनेस्कोने शिक्षणातील तंत्रज्ञानाविषयीचा आपला जागतिक अहवाल प्रसिद्ध केला. यंत्राने शिक्षकाला साहाय्य करावे, त्याची जागा घेऊ नये, असा त्याचा रोख होता. तो अहवाल प्रकाशित झाला ते ठिकाण होते माँतेविदेओ, म्हणजे उरुग्वेची राजधानी. ज्या देशाने प्रत्येक मुलास यंत्र दिले, त्याच देशात हा इशारा उच्चारला जावा, यात विसंगती नाही. अनुभवी माणसाच्या घरीच असे बोल शोभतात.

या साऱ्या इतिहासातून काय निष्पन्न होते? एक तर असे, की ‘द्यावे की न द्यावे’ हा प्रश्न अपुरा आहे. कोणत्या वयाच्या मुलास द्यावे, कोणत्या भाषेतील मजकुरासह द्यावे, मोडल्यास कोण दुरुस्त करील, आणि त्याच्याजवळ कोण उभे राहील, हे प्रश्न त्याच्या आधीचे आहेत. दुसरे असे, की यंत्र देण्याने न्याय होऊ शकतो, पण तेवढ्याने विद्या येत नाही. या दोन गोष्टींची गल्लत झाली की निराशा पदरी पडते. न्यायासाठी यंत्र द्यावयाचे असेल तर तमिळनाडूप्रमाणे किंवा उरुग्वेप्रमाणे तसे स्पष्ट म्हणून द्यावे. तो खर्च समर्थनीय आहे. विद्येसाठी द्यावयाचे असेल तर खर्चाचा पहिला रुपया शिक्षकावर पडला पाहिजे. ज्यांनी हा क्रम पाळला त्यांची यंत्रे कामास आली. ज्यांनी तो उलटा केला त्यांची यंत्रे कपाटात गेली. १८८२ मध्ये फुल्यांनी सरकारपुढे मांडलेला क्रम संगणकाच्या युगातही बदललेला नाही.

आणि शेवटी पुन्हा पाटीकडे वळावयास हवे. पाटी आणि संगणक यांत साम्य पुष्कळ आहे. दोन्ही पुसता येतात, दोन्हींवर चूक दुरुस्त करता येते, दोन्ही मुलाच्या मांडीवर मावतात. भेद एवढाच, की पाटी कोरी येते आणि संगणक भरलेला येतो. कोऱ्या पाटीवर मुलाला स्वतःहून काहीतरी उमटवावेच लागे. भरलेल्या यंत्रापुढे ते नुसते पाहत बसू शकते. पॅपर्ट यांना हे पुरते उमगले होते. म्हणून त्यांनी मुलाच्या हाती आज्ञा पाळणारे कासव दिले, गोष्ट सांगणारा पडदा दिला नाही. शाळेने प्रत्येक मुलास यंत्र द्यावे की नाही याचा निर्णय प्रत्येक राज्य आपापल्या बळाप्रमाणे घेईल. परंतु जे यंत्र दिले जाईल त्यावर मुलाला आपल्या हाताने, आपल्या भाषेत काही लिहिता आले पाहिजे, आणि ते वाचावयास समोर एक माणूस असला पाहिजे. एवढे साधले, तर दसऱ्याच्या दिवशी त्या यंत्रालाही झेंडूचे एक फूल वाहावयास हरकत नाही.